निर्मलधारा सोसायटीतील सूक्ष्मजीवांची आवक-जावक

पृथ्वीवर संख्येने सर्वांत जास्त असलेले जीव डोळ्यांना दिसत नाहीत, आणि म्हणूनच त्यांच्याविषयी ठाम मत बाळगणं सगळ्यांना परवडतं. वाघाविषयी बोलायचं तर निदान जंगलात जाऊन आलेला माणूस लागतो. जंतूंविषयी बोलायला व्हॉट्सअ‍ॅप पुरतं.

करंजाडे येथील निर्मलधारा सहकारी गृहनिर्माण संस्थेने (विंग तीन, फ्लॅट चौऱ्याऐंशी, लिफ्ट तीन, पैकी चालू दोन) या अदृश्य जीवांचं वर्गीकरण अवघ्या पाच दिवसांत पूर्ण केलं. जगभरच्या शास्त्रज्ञांना ते साडेतीनशे वर्षांत जमलेलं नाही. त्यांच्यात अजून वाद चालू आहेत. कारण उघड आहे. त्यांच्याकडे आवक-जावक रजिस्टर नाही.

ते आमचे सचिव दिलीपराव खांबेटे यांच्याकडे आहे. दिलीपरावांनी एका सरकारी कार्यालयाच्या टपाल शाखेत चौतीस वर्षं काढली. त्या काळात त्यांच्या हातून एकही कागद नंबर पडल्याशिवाय पुढे गेला नाही (पुढे किती गेले, हा प्रश्न वेगळा). जगातली प्रत्येक गोष्ट एकतर येते नाहीतर जाते, आणि दोन्ही वेळा तिची नोंद झाली पाहिजे, हे त्यांचं तत्त्व. गेल्या वर्षी त्यांनी सी-विंगमधल्या कबुतरांचीही नोंद केली. आवक एकशे बारा. जावक निरंक.

झालं असं, की संस्थेच्या वर्धापनदिनी गच्चीवर सत्यनारायण झाला. दरवर्षी तीर्थाची तक्रार असते. ए-विंगला पळीभर मिळतं, सी-विंगला पुढे केलेली ओंजळ तशीच मागे न्यावी लागते. यंदा समितीने त्यावर लोकशाही मार्ग काढला. तीर्थ थेट गच्चीवरच्या टाकीत सोडायचं, म्हणजे ते नळावाटे प्रत्येक फ्लॅटला समान दाबाने पोचेल. त्यानुसार टाकीत सोडण्यात आलेल्या वस्तू अशा: पंचामृत, मोठं पातेलं एक, कलशातलं पाणी, फुलांसकट, आणि दिलीपरावांच्या पत्नी स्मितावहिनींनी तीन वर्षांपूर्वी यात्रेहून आणलेलं तीर्थजल, पाच लिटरचा कॅन, पैकी चार लिटर (एक लिटर पुढच्या वर्षासाठी राखून).

घरोघरी पाणी शुद्ध करायची मशीन आहेत. तीर्थ त्यातून गेलं तर त्याचा गुणच गाळला जाईल, हे दिलीपरावांच्या वेळीच लक्षात आलं. त्यांनी ग्रुपवर टाकलं, ‘सर्व सभासदांनी रविवार व सोमवार मशीन बंद ठेवून थेट नळाचे पाणी प्राशन करावे.’ एकसष्ट सभासदांनी हात जोडल्याची खूण पाठवली. मीही पाठवली. मीही प्यायले.

मंगळवारी सकाळपासून संस्थेत जुलाब सुरू झाले.

या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध नाही, हे सुरुवातीलाच स्पष्ट केलेलं बरं. समितीनेही ते सुरुवातीलाच स्पष्ट केलं होतं.

आकडेवारी पुढीलप्रमाणे. एकूण बाधित सदतीस. त्यांत मालक एकतीस, भाडेकरू सहा (भाडेकरूंचा ग्रुप वेगळा आहे, त्यांना मेसेज उशिरा मिळाला). संस्थेत कामाला येणारी माणसं, म्हणजे घरकाम करणाऱ्या चौदा जणी, दोन वॉचमन आणि जिने झाडणारा एक, अशी सतरा. त्यांतले बाधित शून्य.

शुक्रवारी टाकीच्या पाण्याचा रिपोर्ट आला. त्यात लिहिलं होतं, कोलिफॉर्म जिवाणू आढळले. त्याच दिवशी टाकी उपसून धुतली, आणि संध्याकाळी क्लब हाउसमध्ये ‘सूक्ष्मजीव वर्गीकरण उपसमिती’ची बैठक बोलावली. दुपारी दिलीपराव आमच्या दारात उभे.

“वहिनी, तुम्ही सायन्सवाल्या ना?”

“मी नाही. श्रुती.”

“एकच.”

श्रुती माझी मुलगी. तिने मायक्रोबायॉलॉजीचं पहिलं वर्ष केलं, दुसऱ्या वर्षी विषय बदलला आणि आता ती पुण्याला बँकेत आहे. पुस्तक घरी राहिलं, कारण त्याला मी कव्हर घातलं होतं, आणि कव्हर घातलेली वस्तू माझ्याच्याने टाकवत नाही. माझं शिक्षण बारावी कॉमर्स. पण कुकर होईपर्यंत माणसाला वाचायला काहीतरी लागतं. चार शिट्ट्यांना दीड पान, एका हाताशी डिक्शनरी, अशा गतीने दोन वर्षांत पुस्तक संपलं. तेवढ्यावर मी तज्ज्ञ सदस्य झाले.

बैठकीत मी तयारीने बोलले. सूक्ष्मजीवांचे मोठे गट सांगितले: जिवाणू, आर्किया, बुरशी, आदिजीव, शैवाल आणि विषाणू. जिवाणूंची आकारावरून ओळख सांगितली, काही गोळीसारखे, काही दांडीसारखे, काही स्क्रूसारखे पिळाचे. मग रंगाची परीक्षा. जांभळ्या रंगात बुडवायचे आणि स्पिरिटने धुवायचे. काही जांभळा रंग धरून बसतात, काही सोडून देतात आणि मागून येईल तो गुलाबी घेतात (सर्वसाधारण सभेत धुतल्यावर माणसांचेही हेच दोन गट पडतात). काहींना हवा लागते, काहींना हवा चालत नाही, काही दोन्हीकडे जमवून घेतात. विषाणूंना सजीव म्हणावं की नाही यावर अजून एकमत नाही. ते एरवी मेल्यासारखे पडून असतात, दुसऱ्याच्या घरात शिरले की कामाला लागतात. इथे दोन-तीन जणांनी बी-विंगच्या एका सदस्याकडे पाहिलं.

शेवटी मी त्या डच कापडव्यापाऱ्याची हकिकत सांगितली. त्याने आपल्या हाताने भिंगं घासली आणि त्याखाली स्वतःच्या दातांतला मळ धरला. आत वळवळणारे जीव दिसले. तेही त्याने लपवले नाहीत, रीतसर पत्र लिहून परगावच्या विद्वानांना कळवले. ही चूक त्यानंतर सहसा कोणी केलेली नाही. सूक्ष्मजीव शोधायचे ते दुसऱ्याच्या तोंडात, अशी आता पद्धत आहे.

“उत्तम माहिती,” दिलीपराव म्हणाले. “पण मूळ मुद्दा राहिला. हे आले कुठून?”

“पोटातून. माणसांच्या, गुरांच्या. तिथून पाण्यात.”

“माणसांच्या म्हणजे कोणत्या?”

अध्यक्षांनी चहाचा कप खाली ठेवला. अध्यक्ष धनाजी इथलेच. आमची इमारत त्यांच्या प्लॉटवर उभी आहे, आणि इमारतीत त्यांचे तीन फ्लॅट आहेत. ते बैठकीत कमी बोलतात, पण बोलतात तेव्हा नोंद करणं अवघड जातं.

“सेक्रेटरी इचारतान, आपले का त्यांचे,” ते म्हणाले.

“तसं नाही साहेब,” दिलीपराव म्हणाले आणि त्यांनी तसंच लिहिलेला कागद फिरवला. त्यावर संस्थेचं स्वतःचं वर्गीकरण होतं. सभासद सूक्ष्मजीव: मालकांच्या अंगावरचे, निरुपद्रवी. सहसभासद सूक्ष्मजीव: भाडेकरूंच्या अंगावरचे, वास्तव्य अकरा महिने. अतिथी सूक्ष्मजीव: पाहुण्यांबरोबर येणारे, गेटवर नोंद आवश्यक. आणि बाहेरील सूक्ष्मजीव: सेवा देणाऱ्या व्यक्तींच्या अंगावरचे, यांच्यावर लक्ष ठेवावं. पहिल्या गटाची आवक होत नाही, कारण तो मूळचाच. टाकीत जे सापडलं त्याची आवक झालेली आहे. सबब ते चौथ्या गटातलं.

पुस्तकात या पद्धतीला काही तोड नाही. मी शेवटची सूचीसुद्धा पाहिली.

पुढचं अनुमान त्याहून सरळ होतं. सतरा माणसं रोज इमारतीत येतात आणि त्यांना काहीच होत नाही. ज्याला काही होत नाही तो वाहक. मग सतरांतून एक नाव काढणं आलं, कारण रजिस्टरच्या एका ओळीत सतरा नावं बसत नाहीत. नाव निघालं यशोदाबाईंचं.

यशोदाबाई खाडीकडच्या गावातून येतात. पन्नाशी उलटलेली, अंगाने काटक, आमच्या इमारतीत नऊ घरं. सहा वर्षांपूर्वी आम्ही राहायला आलो तेव्हा कोणाचंच दही लागेना. तेव्हा यशोदाबाईंनी घरून वाटीभर विरजण आणलं. ते माझ्याकडून स्मितावहिनींकडे गेलं, तिथून समोरच्या क्षीरसागरांकडे, आणि आज बावीस फ्लॅटमधलं दही एकाच घराण्याचं आहे. हे मी एकदा कौतुकाने ग्रुपवर लिहिलं होतं. दिलीपरावांनी त्याची प्रिंट काढून ठेवली होती.

“पंचामृतात दही,” ते बोटांवर मोजत म्हणाले, “दह्याला विरजण, आणि विरजण यशोदाबाईंचं.”

“म्हणजे पंचामृत टाकीत सोडलं होतं, हे समितीला मान्य आहे?”

“पंचामृताचा इथे काय संबंध, वहिनी? विरजणाचा आहे.”

“आणि त्या कॅनमधलं तीर्थ?”

“तीर्थ पाण्याच्या व्याख्येत येत नाही.”

ठराव झाला. यशोदाबाईंचा गेटपास मंगळवारच्या विशेष सभेपर्यंत स्थगित. सभेत दोष सिद्ध झाल्यास कायमची जावक. बुधवारपासून नऊ घरांना दुसऱ्या बाया देण्याची तजवीज सचिवांनी करावी. मी विरोध केला. तो इतिवृत्तात ‘तज्ज्ञ सदस्यांनी माहितीपूर्ण चर्चा केली’ असा आला.

शनिवारी सकाळी साडेआठला गेटवरच्या मशीनमध्ये यशोदाबाईंचा फोटो लाल झाला (लाल म्हणजे प्रवेश बंद). मी खाली गेले तेव्हा त्या कुंपणाबाहेरच्या कठड्यावर बसल्या होत्या, पिशवी मांडीवर.

“मना काय झालाय बाय? मी आजारी परली नाय म्हनून मना कारलं?”

“हो.”

“मंग परू का आजारी?”

समितीच्या दृष्टीने त्याने प्रश्न सुटला असता, हे मी त्यांना सांगितलं नाही.

“सा वर्सां झाली,” त्या म्हणाल्या, “तुमचे नलाचं पानी कवा तोंडाला लावलं नाय. त्यो काय बोर्ड हाय नं.”

बोर्ड आहे. ‘बाहेरील व्यक्तींनी संस्थेचे पिण्याचे पाणी वापरू नये.’ टंचाईच्या वर्षी लावला होता. टंचाई गेली, पण पत्रा चांगला आहे. यशोदाबाई तेव्हापासून घरून बाटली आणतात. इथे घेतात तो चहा, आणि तो उकळलेला. सतरा जणांचं पोट कशाने वाचलं हे त्या बोर्डावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं, आणि बोर्ड दिलीपरावांच्याच हस्ताक्षरात होता.

त्यांना जरा बरं वाटावं म्हणून मी पुस्तकातलं काहीबाही सांगू लागले. म्हटलं, यशोदाबाई, जंतू सगळे वाईट नसतात. काही तर नुसत्या मिठात जगतात, जिथे दुसरं काही जगत नाही.

“ता मना सांगता?” त्या पहिल्यांदा हसल्या. “माजा बापूस जासईचे बाजूला मिठागराव व्हता. पानी लाल झालं का बोलाचा, आता मीठ पिकल.”

तो लाल रंग त्या मिठात जगणाऱ्या जंतूंचाच. पुस्तकात ही गोष्ट पान एकशे अठ्ठेचाळीसवर आहे. मला ती समजायला अकरा शिट्ट्या लागल्या होत्या. यशोदाबाई पान एकशे अठ्ठेचाळीसवर लहानाच्या मोठ्या झाल्या.

मग हसू गेलं. “नऊ घरां हायेत बाय. बुधवारी दुसरी बाई आली का मना कोन बोलवील? मनस्वीचं पैलंच वर्स हाय नर्सिंगचं.”

मनस्वी त्यांची नात. ती शिकते त्या कोर्सला माझंच पुस्तक आहे, फक्त नवी आवृत्ती.

मी वर आले आणि दिलीपरावांना म्हटलं, दोष सिद्ध करायचा तर शास्त्रीय पुरावा हवा. नमुने घेऊ. ‘पुरावा’ या शब्दावर ते खूश झाले. त्यांनीच सुचवलं, बाईचे हात तपासा, विरजण तपासा, आणि ती आमच्याकडे ज्या कपातून चहा पिते तो कप तपासा. तो कप खांबेट्यांच्या खिडकीच्या ग्रिलमध्ये उलटा असतो, निळ्या फुलांचा, कान तुटलेला. असा एक कप नवाही घरांत आहे. आमच्याही.

“शास्त्रात तुलनेसाठी दुसरा कप लागतो,” मी म्हटलं.

“माझा घ्या,” दिलीपराव म्हणाले. “बावीस वर्षं तोच कप. आत बोट फिरवून बघा, डाग नाही.”

दुपारी प्रयोगशाळेची क्षिप्रा नावाची मुलगी कापसाच्या काड्या आणि नळ्या घेऊन आली. गेटबाहेरच्या कठड्यावर यशोदाबाईंनी तिच्यापुढे दोन्ही हात धरले, बांगड्या भरायला धरावेत तसे. नमुन्यांच्या यादीत ‘इतर’ असा एक रकाना रिकामा राहत होता. रिकामा रकाना दिलीपरावांना सहन होत नाही. तिथे मी ‘प्लास्टिक वस्तू, एक, पूजेच्या कपाटातील’ असं लिहिलं आणि त्यांनी शिक्का मारला. अशा रीतीने कॅनमधलं उरलेलं एक लिटर शास्त्राच्या कक्षेत आलं.

मंगळवारी संध्याकाळी विशेष सभेला त्रेपन्न जण हजर होते. सत्यनारायणाला अठ्ठेचाळीस होते. यशोदाबाई क्लब हाउसच्या दाराबाहेर उभ्या होत्या, सभेत बाहेरील व्यक्तींना बसता येत नाही म्हणून. रिपोर्ट मी वाचला.

यशोदाबाईंचे हात: उपद्रवी जिवाणू नाहीत.

विरजण: दह्याचे जिवाणू, अपेक्षित.

प्लास्टिक वस्तू, एक: कोलिफॉर्म, मोजता न येण्याइतके.

“मोजता न येण्याइतके म्हणजे मोजलेच नाहीत,” दिलीपराव म्हणाले. “अपूर्ण अहवाल. तो नमुना बाद.”

कप, निळ्या फुलांचा: काहीही वाढलं नाही.

कप, सचिवांचा: कोलिफॉर्म, शिवाय बुरशी दोन प्रकारची.

धनाजी मोठ्याने हसले. “सेक्रेटरी, जरा रजिस्टर बघा. ही आवक का जावक?”

“ते फडक्यामुळे असेल,” दिलीपराव कानापर्यंत लाल झाले. “किंवा विसळण्यात...”

“विसळण्यात?” स्मितावहिनी उभ्या राहिल्या. चार दिवस त्या भांड्यांच्या ढिगापुढे उभ्याच होत्या. “तुमचा कप शनिवारपासून मी विसळतेय. उद्यापासून तुम्ही विसळा, आणि मग मोजा किती उगवतात ते. मला ती बाई उद्या सकाळी दारात पाहिजे.”

“आमच्याकडेपण,” क्षीरसागर म्हणाल्या. मागून आणखी सहा आवाज आले, सातवा माझा. नऊ घरं पुरी झाली. शास्त्र जिथे थकलं तिथून सिंक पुढे सरसावलं.

तरीही संस्थेचा कारभार नियमाने चालतो, त्यामुळे ठराव रीतसर झाला. ज्या वस्तूवर काहीही वाढत नाही तिचे वर्गीकरण करता येत नाही. सबब यशोदाबाई यांना वर्गवारीतून वगळण्यात येत असून गेटपास पूर्ववत करण्यात येत आहे. निळ्या फुलांच्या कपाच्या अहवालावरून वेगळ्या कपाची पद्धत यशस्वी ठरल्याचे दिसून येते, ती चालू ठेवावी. पुढील वर्षी तीर्थ उकळून सोडावे. जुलाब बदलत्या हवेमुळे झाले असावेत. सर्वानुमते मंजूर.

सर्वानुमते म्हणजे माझाही हात वर होता. फोटो हिरवा व्हायला हवा होता.

मी बाहेर येऊन यशोदाबाईंना ठराव वाचून दाखवला, सोपा करून. त्यांनी पदर खोचला, मान हलवली.

“मी कनचे रकान्यान नाय, ता समजलं,” त्या म्हणाल्या. “तुमी कनचे रकान्यान?”

मी कागद उलटसुलट पाहिला. तसा रकाना नव्हता.

बुधवारी सकाळी त्या आल्या. मी काचेच्या कपाटातून चांगले कप काढले, श्रुतीच्या साखरपुड्याला घेतलेल्या सेटमधले, सोनेरी काठाचे. दोघींना सारखा चहा ओतला आणि एक त्यांच्यापुढे सरकवला. हे करायला मला सहा वर्षं आणि एक प्रयोगशाळा लागली, पण केलं. माझ्या मते क्षण चांगला जमला होता.

यशोदाबाईंनी कपाकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

“ह्यो कोनाचा?”

“आपलाच. घ्या ना.”

“नको बाय,” त्या समजुतीच्या सुरात म्हणाल्या. “रिपोट आलाय नं तुमचा. माजा बरा.”

त्या उठल्या, ग्रिलमधून स्वतःचा कप काढला, साबण लावून धुतला, चहा त्यात ओतून घेतला. प्यायल्यावर पुन्हा धुतला, वीस आकडे मोजून, मनस्वीने शिकवल्याप्रमाणे, आणि जागेवर उलटा ठेवला. जाताना मला बजावून गेल्या, या कपाला कोणी हात लावायचा नाही.

नवाही घरांत आता हा नियम लागू आहे. बाहेरील व्यक्तींनी तो कप वापरू नये.

हे वाचताना तुमच्या घरातला तसला कप तुमच्या डोळ्यांपुढे आला असेल. तो ग्रिलमध्ये आहे, सिंकखाली आहे की फ्रिजच्या मागे, हे मी विचारत नाही. तुमची नजर आत्ताच तिकडे जाऊन आली. त्याची काळजी करू नका, तो स्वच्छ आहे. तुम्ही आत्ता कशातून पिताय?